फीत नेमकी कोणती?

१९१८ सालीं नाशकांत हिंदुस्थान फिल्म कंपनी उभी करणारे दादासाहेब फाळके यांच्या १९१३ मधील ‘राजा हरिश्चंद्र’ या चित्रपटाचीं ४ रिळें होतीं. पैकीं पहिलें व शेवटचें एवढींच पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयांत उरलीं आहेत. आणि तींहि मूळ चित्रपटाचीं, कीं फाळक्यांनीं १९१७ सालीं पुन्हा काढलेल्या चित्रपटाचीं, याविषयीं अभ्यासकांत एकमत नाहीं. वस्तु हातीं असून तिची ओळख हरवली, ती अशी!

रिळांच्या जागीं आतां चुंबकीय फिती आल्या. २००० सालापासून प्रचारांत असलेल्या एल.टी.ओ. जातीची फीत अर्धा इंच रुंद. तिच्या आठव्या पिढीची लांबी ९६० मीटर. ती तळहाताएवढ्या चपट्या डबींत, म्हणजे कार्ट्रिजमध्यें, एकाच चाकावर गुंडाळलेली असते. अशा शेंकडों डब्या कपाटांत रचतात व यांत्रिक हात त्या काढतो-घालतो. परंतु डबी प्रथम कपाटांत ठेवणारा हात माणसाचाच. घोटाळ्यास वाव आहे तो तेथें.

डबी उलटी जाऊं नये म्हणून तिच्या अंगास मुद्दाम खांच ठेविलेली असते; उलट्या बाजूनें ती नीट बसतच नाहीं. (अडलेली वस्तु दाबून बसविण्याचा आपला घरगुती उपाय येथें वर्ज्य समजावा.) पिढी चुकली तरी वाचणारें यंत्र ती ओळखतें: आठव्या पिढीचें यंत्र सातवीची फीत घेतें, सहावीची नाकारतें.

खरी अडचण सारख्याच दिसणाऱ्या दोन डब्यांची. प्रत्येकीच्या कडेवर उभ्या रेघांची चिठ्ठी असते. तींत सहा अक्षरांचें नांव व पिढी दाखविणारीं दोन चिन्हें. यांत्रिक हात तेवढेंच वाचतो. चिठ्ठी चुकली तर तो इमानेंइतबारें भलतीच डबी नेऊन देईल, आणि जतन करावयाच्या मजकुरावर नवा मजकूर चढून जुना कायमचा पुसला जाईल. म्हणून चिठ्ठीवरील नांव फितीच्या आरंभीं नोंदलेल्या नांवाशीं ताडून पाहण्याची सोय संगणकाच्या आज्ञावलींत केलेली असते. वेळ वांचविण्यासाठीं ती कोणी बंद करूं नये. जपावयाच्या डबीची लेखनबंदीची कळ आधीं सरकवावी, मगच ती कपाटांत ठेवावी. हातानें लिहिलेले कागद डबीवर भलत्या जागीं डकवूं नयेत. ते सुटून यंत्रांत अडकतात. डबी खालीं पडली असल्यास तिचें इवलेंसें दार उघडून, फितीच्या टोंकाची बारीक खीळ जागेवर आहे कीं नाहीं, हें पाहिल्याखेरीज ती यंत्राच्या स्वाधीन करूं नये.