“नॅचरल आहे, साईड इफेक्ट नाही” म्हणे!

मंडळी, सुटलेलं पोट आत घ्यायला चायनीज चहा नि बेंबीवर लावायचे पॅच मागवताय? आधी हे वाचा.

१९९० च्या सुमारास ब्रुसेल्समधल्या एका स्लिमिंग क्लिनिकने बायकांना चिनी वनस्पतींच्या गोळ्या दिल्या. ‘फांगजी’ या मुळीऐवजी तशाच नावाची दुसरी मुळी त्यात गेली. तिच्यात ॲरिस्टोलोकिक ॲसिड! १०० च्या आसपास बायकांच्या किडन्या खराब झाल्या, पुढे अनेकींना मूत्रमार्गाचा कॅन्सर झाला. मुळी नॅचरलच होती की!

चिनी वैद्यक म्हणतं, पोट सुटतं ते प्लीहा दुबळी होऊन ‘ओलावा’ साचल्याने. पटो न पटो, तिथला वैद्य निदान नाडी नि जीभ तरी बघतो. पाकीट विकणारा काय बघतो? तुमचं यूपीआय पेमेंट!

आपल्याकडे १९५४ चा औषधे व जादूटोणा उपाय जाहिरात कायदा आहे. लठ्ठपणा बरा करण्याच्या औषधाची जाहिरात त्यात गुन्हा आहे. तरी मोबाईलवर दिवसाला दहा जाहिराती दिसतात. कायदा फक्त कपाटात ठेवायला केलाय का?

घटकांची यादी नाही, लायसन्स नंबर नाही, तर पाकीट परत करा. जाहिरातीचा स्क्रीनशॉट काढा, तक्रार करा. पोट कमी होईल हळूहळू. किडनी गेली की परत येत नाही.