सिंदखेडराजा म्हणजे एक सेल्फी नव्हे!

समृद्धीवरून उतरायचं, राजवाड्याच्या दरवाजात सेल्फी काढायचा अन् लोणारला पळायचं. याला सिंदखेडराजा पाहणं म्हणतात का भाऊ?

जिजाऊंचे वडील लखुजीराव १६२९ मध्ये निजामशाहीच्या दरबारात, देवगिरीच्या किल्ल्यावर, मुलांसह दगाफटक्यानं मारले गेले. त्यांची भव्य समाधी इथंच आहे. मोती तलाव, चांदणी तलाव, पुतळा बारव, नीलकंठेश्वर मंदिर आहे. पण सांगतं कोण?

पाहुण्यांना नावं ठेवण्याआधी मी स्वतःलाच विचारतो, आपण तरी पाहुण्याला वाड्यापुढं नेतो का? १२ जानेवारीला जयजयकार, १३ पासून सामसूम! पाहुणा दिवसभर थांबला तरच गावातल्या खानावळीची चूल पेटेल.

म्हणून दोन मागण्या: समाधी, तलाव, बारव दाखवणारे ठळक फलक लावा, गावच्या पोरांना वाटाडे म्हणून शिकवा. पटलं तर शेअर करा. जय जिजाऊ!