तीन लाखांचा पीसी आणि तीन ओळींचं बिल

पोस्ट मोठी आहे. घरात कुणी तीन-साडेतीन लाखांचा गेमिंग पीसी जोडायच्या बेतात असेल तर शेवटपर्यंत वाचा. नसेल तरी वाचा, कारण प्रश्न फक्त गेमिंगचा नाहीये.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. आपल्याकडे महागडा पीसी जोडणारा ग्राहक दोन ठिकाणी मार खातो. एक म्हणजे तो पार्ट निवडतो अमेरिकेतल्या यूट्यूब रिव्ह्यूवरून, आणि वापरतो आपल्या विजेवर, आपल्या उन्हाळ्यात, आपल्या सर्व्हिस सेंटरच्या भरवशावर. दुसरं म्हणजे या बाजारावर लक्ष ठेवायचं ज्यांचं काम आहे, ते "श्रीमंतांच्या पोरांचे चोचले" म्हणून तिकडे बघतच नाहीत. पहिली गोष्ट आपल्या हातात आहे. दुसरीसाठी आवाज करावा लागेल.

आधी एक गैरसमज काढून टाकू. कार्ड महाग का, असं विचारलं की दुकानदारापासून मित्रापर्यंत सगळ्यांचं एकच उत्तर असतं: "कस्टम ड्युटी हो, सरकार लुटतंय." जरा हिशोब करा. ग्राफिक कार्डावर मूळ सीमाशुल्क शून्य आहे. नव्वदच्या दशकात भारताने माहिती तंत्रज्ञानाच्या वस्तूंसाठीच्या आंतरराष्ट्रीय करारावर सही केली, त्यात हे पार्ट येतात. लागतो तो १८ टक्के जीएसटी. आरटीएक्स ५०८० जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेत ९९९ डॉलरला जाहीर झालं. तेव्हाच्या साधारण साडेशहाऐंशी रुपयांच्या दराने होतात सुमारे ८६ हजार. त्यावर १८ टक्के धरले की एक लाख दोन हजार. भारतासाठी कंपनीने जाहीर केलेली किंमत होती १ लाख ७ हजार. म्हणजे कंपनीची जाहीर किंमत तशी रास्तच होती. ५०९० चंही तेच: १९९९ डॉलर आणि इथे २ लाख १४ हजार.

आता मला सांगा, त्या किमतीला ५०९० कुणाला मिळालं? बाजारात ते तीन लाखांच्या घरात आणि कधी त्याच्याही वर. अमेरिकेतही चढ्या भावाने विकलं गेलं, हे खरं आहे. पण तिथला ग्राहक ते 'सरकारचा कर' म्हणून गपगुमान गिळत नाही. आपण गिळतो. मधला फरक जातो आयातदार, डिस्ट्रिब्युटर आणि टंचाईच्या नावाखाली माल दाबून ठेवणाऱ्यांकडे.

मग एमआरपी कशाला आहे? खोकं उलटं करून बघा. कायद्याने त्यावर आयातदाराचं नाव-पत्ता, ग्राहक सेवेचा संपर्क आणि सगळे कर धरून कमाल किंमत छापावी लागते. ती छापलेली असतेच. फक्त ती कित्येकदा बाजारभावाच्या दीडपट-दुप्पट असते. एमआरपीपेक्षा जास्त घेणं गुन्हा आहे, पण मुळात एमआरपीच आभाळाला टेकवून ठेवली की गुन्हा घडणारच कसा? दुधाच्या पिशवीवर दोन रुपये जास्त घेतले तर वैधमापन खात्याचा माणूस येतो. इथे एका खोक्यावर लाखाचा खेळ होतो आणि कागदावर सगळं कायदेशीर!

टंचाईच्या काळात आणखी एक प्रकार चालतो. "कार्ड हवंय? मिळेल. पण सोबत हा मदरबोर्ड आणि हा एसएमपीएस घ्यावा लागेल." न खपणारा माल खपणाऱ्याच्या गळ्यात बांधायचा. लोकांना वाटतं ही धंद्याची रीतच आहे. रीत नाही हो. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये एक वस्तू देण्यासाठी दुसरी घ्यायची अट घालणं ही 'निर्बंधात्मक व्यापारी प्रथा' आहे, असं स्पष्ट म्हटलंय. बिल न देणं ही त्याच कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा आहे. कायदा आहे. तो वापरणारा कुणी नाही.

यात लॅमिंग्टन रोडवरच्या छोट्या दुकानदाराला मी खलनायक ठरवत नाहीये. त्याच्या हातात उरतं ते थोडंच, आणि वरून डिस्ट्रिब्युटर त्याच्याही गळ्यात तोच माल बांधतो. पण "बिलाशिवाय घेतलं तर १८ टक्के वाचतील साहेब" हे वाक्य तोच म्हणतो आणि आपण खूश होऊन मान डोलावतो. माझ्या ओळखीतल्या एका मुलाने असाच पीसी घेतला. तीन ओळींचा कच्चा कागद: सीपीयू, कार्ड, बाकी सामान. अकरा महिन्यांनी कार्ड गेलं. सर्व्हिस सेंटरने पक्कं बिल मागितलं, दुकानदाराने फोन उचलणं बंद केलं. वाचवलेल्या १८ टक्क्यांच्या बदल्यात शंभर टक्के गेले.

म्हणून पार्ट निवडताना पहिला प्रश्न 'किती एफपीएस' हा नसावा. पहिला प्रश्न: बिघडलं तर कोण, कुठे आणि किती दिवसांत? वॉरंटी बिलाच्या तारखेपासून की कारखान्यातल्या तारखेपासून? तुमच्या शहरात कलेक्शन सेंटर आहे की मुंबईला कुरियर करायचं? बदली कार्ड नवं देणार की दुरुस्त केलेलं? लेखी विचारा. अमेरिकेतल्या मामाकडून किंवा दुबईच्या मित्राकडून कार्ड आणायच्या आधीही हे विचारा, कारण बऱ्याच कंपन्यांची ग्राफिक कार्डाची वॉरंटी देशापुरती असते. वीस हजार वाचवून दोन लाखांची वस्तू विनावॉरंटी वापरणं म्हणजे हेल्मेट न घेता महागडी बाइक घेणं.

प्रोसेसरचंही ऐका. २०२४ मध्ये इंटेलला मान्य करावं लागलं की त्यांच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीतले डेस्कटॉप प्रोसेसर जास्तीच्या व्होल्टेजमुळे खराब होत होते. कंपनीने वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. पण आपल्याकडे खोक्याशिवायचा 'ट्रे' प्रोसेसर हजार-दोन हजार कमी म्हणून सर्रास विकला जातो. त्याची जबाबदारी इंटेल थेट घेत नाही, विकणाऱ्याकडे बोट दाखवते. आणि विकणारा? वर सांगितलंच.

आता विजेकडे या, कारण तिथे आपला सगळ्यात मोठा अडाणीपणा आहे. दोन लाखांचं कार्ड घेणारा माणूस एसएमपीएसला पाच हजार द्यायला कुरकुरतो. ५०९० एकटं ५७५ वॅट ओढतं. '८० प्लस गोल्ड' हा शिक्का वीज किती वाया जाते ते सांगतो. आतल्या संरक्षणाच्या सर्किटबद्दल तो काही सांगत नाही. चांगल्या एसएमपीएसला सात ते दहा वर्षांची वॉरंटी असते, स्वस्तातल्याला दोन-तीन. कंपनीचा स्वतःच्या मालावर किती विश्वास आहे ते यातच कळतं. एका एसएमपीएसच्या मॉड्युलर केबल दुसऱ्याला लावू नका, प्लग बसतो पण आतली जोडणी वेगळी असू शकते. आणि ती सोळा पिनांची केबल पूर्ण आत बसली आहे का ते टॉर्च मारून बघा. ४०९० पासून हे कनेक्टर वितळल्याच्या तक्रारी आहेत, ५०९० मध्येही आल्या.

कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात? "असंच असतं" म्हणू नका. घराला अर्थिंग नाही किंवा तुटलंय. जुन्या चाळीत, वाड्यात तीन पिनांचं सॉकेट असतं आणि तिसऱ्या भोकामागे काहीच नसतं. एसएमपीएसमधला फिल्टर गळतीचा करंट अर्थिंगमध्ये सोडतो. अर्थिंगच नसेल तर तो कॅबिनेटवर राहतो, म्हणून झिणझिण्या. आरजीबी पंख्यांच्या आधी इलेक्ट्रिशियन बोलवा. तीन हजारांचा ६०० व्हीएचा यूपीएस बहुतेक वेळा ३६० वॅटचाच असतो, त्यावर हा पीसी लावून वीज गेली की यूपीएसही जातो आणि पीसीही. असा यूपीएस नसलेलाच बरा.

उन्हाळ्याचं तर बोलायलाच नको. रिव्ह्यूवाला वीस-बावीस अंशांच्या खोलीत तापमान मोजतो. मे महिन्यात अकोल्यात, नागपुरात खोलीच अडतीस अंशांवर असते. खोली सोळा अंशांनी गरम, तर पार्टही साधारण तेवढाच जास्त गरम. म्हणून समोर बंद काच असलेलं दिखाऊ कॅबिनेट आपल्याकडे मूर्खपणा आहे. जाळीचं घ्या, धूळ साफ करा.

कार्डांच्या नावांचा गोंधळही मुद्दाम केलेला आहे, अपघाताने झालेला नाही. २०२२ मध्ये एनव्हिडियाने '४०८०' या एकाच नावाने दोन वेगवेगळी कार्डं जाहीर केली, ओरड झाल्यावर १२ जीबीचं मागे घेतलं. २०२५ मध्ये ५०६० टीआय आलं ते ८ जीबी आणि १६ जीबी, नाव एकच. एएमडीने ९०६० एक्सटी मध्ये तेच केलं. ५०७० मध्ये ४०९० एवढी ताकद मिळेल असं एनव्हिडियाच्या प्रमुखांनी स्टेजवरून सांगितलं, ते एआयने मधल्या फ्रेम भरल्या तरच. तूप भेसळीचं निघालं तर अन्न व औषध प्रशासन आहे. इथे कोण आहे?

आणि आता रॅम. २०२५ च्या शेवटच्या काही महिन्यांत डीडीआर५ रॅमचे भाव दुपटीच्याही वर गेले. जगात डीरॅम बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या तीन: सॅमसंग, एसके हायनिक्स, मायक्रॉन. तिघींना एआय डेटा सेंटरची मोठी गिऱ्हाइकं मिळाली आणि तुमच्या-माझ्यासारखी फुटकळ गिऱ्हाइकं मागे पडली. ३ डिसेंबर २०२५ ला मायक्रॉनने जाहीर केलं की क्रुशियल या नावाने ग्राहकांना माल विकणं आपण बंद करतोय. याच मायक्रॉनच्या गुजरातमधल्या साणंद प्रकल्पाच्या खर्चातला ५० टक्के वाटा केंद्राने आणि २० टक्के राज्याने उचलायचं ठरलं, तो तुमच्या-माझ्या करातून. गुंतवणूक यावी, माझा विरोध नाही. पण एवढा पैसा देताना देशातल्या साध्या ग्राहकासाठी एखादी अट घालावी, असं कुणालाच वाटलं नाही?

आता तो ठरलेला आक्षेप. "शेतकऱ्याला खत मिळत नाही आणि तुम्ही गेमिंगचं रडगाणं गाताय?" बरोबर, खताचा प्रश्न मोठा आहे. पण ग्राहकाचा हक्क वस्तू चैनीची आहे की गरजेची ते बघून ठरत नाही. आणि हीच मशीन व्हिडिओ एडिटिंग करणारी पोरं वापरतात, आर्किटेक्ट वापरतात, व्हीएफएक्स शिकणारे वापरतात. त्यातले कित्येक कर्ज काढून घेतात. मे २०२५ मध्ये मुंबईत 'वेव्ह्ज' परिषद झाली, सप्टेंबरमध्ये राज्य मंत्रिमंडळाने ॲनिमेशन, व्हीएफएक्स आणि गेमिंगसाठी धोरण मंजूर केलं. भाषणात गेमिंग हा 'उद्योग' आणि बिल फाडताना 'चोचले', असं दोन्ही चालणार नाही.

मागण्या साध्या आहेत.

एक, आयात केलेल्या पार्टांवरच्या फुगवलेल्या एमआरपीची वैधमापन यंत्रणेने तपासणी करावी.

दोन, वॉरंटी बिलाच्या तारखेपासूनच धरावी आणि दुरुस्तीला ठरलेली मुदत असावी. मुदत संपली की नवी वस्तू किंवा पैसे परत.

तीन, जोडीने माल गळ्यात मारणाऱ्यांवर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने स्वतःहून कारवाई करावी.

चार, मेमरी वेगळी तर नाव वेगळं.

आणि आपण काय करायचं? पक्कं बिल घ्या, त्यावर प्रत्येक पार्टचा सीरियल नंबर लिहून घ्या. खोकं उघडतानाचा व्हिडिओ काढा. अडचण आली तर १९१५ वर फोन करा. त्याने भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, ऑनलाइन करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी शून्य. वकील लागतोच असंही नाही.

तुमच्या शहरातले अनुभव कमेंटमध्ये लिहा. शिव्या नकोत, तारखा आणि रकमा लिहा. दहा जणांनी आयोगात तक्रार केली तर त्याची नोंद राहते. हजार जणांनी ग्रुपवर कुरकुर केली तर डिस्ट्रिब्युटरचं काहीही बिघडत नाही.