अब्बांना कधी विचारलंय का? आयसीयूच्या दारात पोहोचण्याआधीची गोष्ट

धुळ्यात आमच्या नात्यातले एक चाचा होते. पक्षाघाताचा दुसरा झटका आला तो मध्यरात्री. बेशुद्ध अवस्थेतच अ‍ॅम्ब्युलन्समध्ये घातलं आणि आग्रा रोडने मोठ्या शहरातल्या हॉस्पिटलला नेलं. सतरा दिवस व्हेंटिलेटर. मोठा मुलगा म्हणायचा, काहीही होवो, चालू ठेवा. धाकटा म्हणायचा, अब्बांचे हाल होतायत, घरी नेऊ. मुलगी सौदीतून फोनवर रडायची, "भाई, मशीन मत निकालो." अठराव्या दिवशी पैसे संपले. एक प्लॉट आधीच विकून झाला होता. मग डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध पेशंट नेतो आहोत अशा कागदावर सही केली, सिलिंडर लावला आणि निघाले. मालेगाव ओलांडल्यावर गाडीतच इंतकाल झाला.

तीजेच्या दिवशी चाची सहज बोलून गेल्या, "वो तो हमेशा बोलते थे, मेरेकू आखिर में घर में ही रखना." सगळे गप्प. अठरा दिवसांत त्यांना कोणी विचारलंच नव्हतं. दोघे भाऊ आजही ईदला एका दस्तरखानावर बसत नाहीत.

जळगावचा पेशंट औरंगाबादला किंवा नाशिकला जातो, धुळ्याचा नाशिकला किंवा मुंबईला. अंतर दीडशे किलोमीटरच्या पुढेच. महात्मा फुले योजनेत कुटुंबाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे, पण ते ठरलेल्या आजारांना आणि ठरलेल्या हॉस्पिटलांत. बाकी घराघरात काय होतं ते आपण पाहतोच. लोक म्हणतात, मशीन बंद करणं हा आपला विषय नाही. अहो, मशीन आपल्याकडे बंद होतंच की! फक्त ते बिल ठरवतं. पेशंटच्या मर्जीने होत नाही, त्रास कमी करायची काही सोय न करता होतं, आणि तेही कुठेतरी हायवेवर.

आता कायद्याचं बघू. 9 मार्च 2018 रोजी सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने 'कॉमन कॉज' खटल्यात लिव्हिंग विलला मान्यता दिली. लिव्हिंग विल म्हणजे जिवंतपणी लिहून ठेवलेलं वैद्यकीय इच्छापत्र. आपल्या वसीयतीचा अंमल मृत्यूनंतर होतो, याचा आधी. माणूस असाध्य आजारात आहे, बरा होण्याची आशा नाही आणि स्वतः बोलू शकत नाही, अशाच वेळी हा कागद उघडतो. इंजेक्शन देऊन जीव घेणं यात कुठेही नाही. ते कायद्यानेही गुन्हा आहे आणि दीनमध्येही हराम.

सुरुवातीला यावर मॅजिस्ट्रेटची सही लागायची, त्यामुळे कोणी फिरकलंच नाही. 24 जानेवारी 2023 ला कोर्टाने रस्ता सोपा केला. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरेसे आहेत. (शाळेत असताना मार्कशीटवर सही-शिक्का घ्यायला ज्यांच्या दारात आपण उभे राहायचो, तेच हे अधिकारी.) आपल्या वतीने बोलणारा एक किंवा जास्त माणसं त्यात नावानिशी लिहायची. कधीही मन बदललं तर लेखी रद्द करता येतं. वेळ आली तरी एकटा डॉक्टर किंवा एकटा मुलगा ठरवत नाही. आधी हॉस्पिटलमधल्या तीन डॉक्टरांचं मंडळ आणि नंतर दुसरं मंडळ तपासतं. दुसऱ्या मंडळात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला डॉक्टर असतो. प्रत्येक मंडळाने शक्यतो 48 तासांत मत द्यायचं. कागद नसेल तर हीच मंडळं घरच्यांच्या संमतीने पुढे जातात, म्हणजे घरात एकमत असणं आलंच.

कागदाची प्रत सांभाळायला प्रत्येक स्थानिक संस्थेत एक अधिकारी हवा असंही निकालात होतं. ते होत नव्हतं म्हणून मुंबईचे डॉ. निखिल दातार हायकोर्टात गेले, त्यानंतर राज्य सरकारने असे अधिकारी नेमले. जळगाव आणि धुळे दोन्हीकडे महापालिका आहे. आरोग्य विभागात जाऊन विचारा. टेबलावरचा माणूस गोंधळला तर 2023 च्या निकालाचं नाव सांगा.

हा सगळा विषय देशात गाजला तो अरुणा शानबाग यांच्यामुळे. केईएमच्या या नर्सवर 1973 मध्ये हल्ला झाला आणि 2015 पर्यंत, 42 वर्षं, त्या तिथेच होत्या. एका लेखिकेने कोर्टात सांगितलं, त्यांना जाऊ द्या. केईएमच्या नर्सेस म्हणाल्या, आम्ही सांभाळतो. 2011 मध्ये कोर्टाने नर्सेसचं ऐकलं. त्यांची ती खिदमत पाहून आजही मन भरून येतं. पण खुद्द अरुणांना काय हवं होतं हे दोन्ही बाजूंपैकी कोणालाच ठाऊक नव्हतं. विशीतल्या मुलीला असं कोण विचारणार?

आपल्याकडे पहिला प्रश्न येतो, हे जायज आहे का? 1986 मध्ये अम्मानच्या बैठकीत आंतरराष्ट्रीय फिकह अकादमीने ठरवलं की मेंदूचं सगळं काम कायमचं थांबलं आहे असं तज्ज्ञ डॉक्टरांनी सांगितलं, तर यंत्रं काढता येतात, हृदय यंत्रावर चालू असलं तरी. 1992 च्या ठरावात ती म्हणते की उपचाराचा हुकूम परिस्थितीप्रमाणे बदलतो. जीव वाचणार असेल तर इलाज वाजिब, आणि शुद्धीतल्या सज्ञान पेशंटची परवानगी हवी. यामधल्या अनेक बाबींत, विशेषतः अन्न-पाणी बंद करण्याबाबत, आलिमांची मतं सावध आहेत. म्हणून कागद करण्याआधी आपल्या मुफ्ती साहेबांशी बोला, आणि जाताना डॉक्टरांनी लिहिलेलं सोबत न्या. अर्धवट माहितीवर विचारलेल्या मसल्याचं उत्तरही अर्धवटच मिळतं.

सहीह बुखारीत हजरत आयशा (रजि.) यांची एक रिवायत आहे. हुजूर (सल्ल.) यांच्या शेवटच्या आजारात घरच्यांनी त्यांच्या तोंडात औषध घातलं. नको, असा इशारा त्यांनी केला होता. घरच्यांना वाटलं, आजारी माणसाला औषध नकोसंच असतं. जरा बरं वाटल्यावर त्यांनी विचारलं, मी मना केलं होतं ना? मी ही रिवायत कित्येकदा वाचली होती. चाचांच्या मय्यतीनंतर ती वेगळीच कळली.

अवघड आहे ते घरात बोलणं. कफनाचं कापड पेटीत ठेवणाऱ्या आपल्या दादी-नानींना मौतची भीती नसते, ऐकायला भीती वाटते ती आपल्याला. "अम्मी, तुम्ही गेल्यावर..." अशी सुरुवात करू नका. शेजारच्या कोणाच्या आजारपणावरून विषय काढा. शुद्ध हरपली तर कोणाचा शब्द शेवटचा? परत बरं होण्याची उमेद असेल तर मशीन चालेल, पण नसेल तर? शेवटचे दिवस घरी की हॉस्पिटलात? घर विकून इलाज करायचा का? आणि घरातल्या बायांनाही विचारा. आपल्याकडे अब्बांची मर्जी निदान अंदाजाने तरी माहीत असते, अम्मीची तीही नसते.

रमजानच्या आधी मी माझ्या अम्मीला विचारलं. मला वाटलं रागावतील. त्या तांदूळ निवडत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, "डॉक्टर बोले उठ जाएगी तो लगाओ मशीन. नहीं बोले तो मत लगाओ. पानी देते रहना." मग जरा थांबून, "और बडे भाई से मत पूछना, वो रोएगा. तू बोलना." मी वहीत लिहून घेतलं, तारीख टाकली, त्यांची सही घेतली. मुफ्ती साहेबांशी बोलून झालं आहे. नोटरीकडे जायचं बकरी ईदला, भाई पुण्याहून आल्यावर. कारण त्यांना हे अजून कोणी सांगितलेलं नाही.