शाकाहारी आहात? मग लोह कमी असणारच!

लहानपणी आमच्याकडे कुणाचा घोळणा फुटला की डोक्यावर थंड पाणी, नाकाशी फोडलेला कांदा आणि ‘उष्णता झाली’ हे निदान ठरलेलं असायचं. इंग्लंडमध्ये आल्यावर माझं लोह कमी निघालं, तेव्हा जीपीचं निदानही तितकंच झटपट होतं: शाकाहारी ना? मग गोळ्या घ्या. माझ्या बाबतीत ते खरं होतं, काही महिन्यांत आकडे सुधारले. मी डॉक्टर नाही, पण रक्तवाहिन्यांच्या पेशींवर संशोधन करते. त्यामुळे ही दोन सोपी उत्तरं एकाच घरात ऐकू आली की मी कान टवकारते.

या दोन्हींच्या मागे कधी कधी एकच आनुवंशिक आजार असतो: हेरिडिटरी हेमोरेजिक टेलँजिएक्टेशिया, म्हणजे एचएचटी. साधारण ५,००० माणसांत एकाला तो असतो. लंडनचे डॉक्टर बेंजामिन बॅबिंग्टन यांनी १८६५ मध्येच ‘लॅन्सेट’मध्ये पिढ्यान्‌पिढ्या घोळणा फुटणाऱ्या एका कुटुंबाबद्दल लिहिलं होतं.

एरवी धमनीतलं रक्त केशवाहिन्यांच्या जाळ्यातून शिरेत जातं. एचएचटीत काही ठिकाणी हे जाळंच नसतं आणि धमनी थेट शिरेला जोडलेली असते. अशा जोडाची भिंत नाजूक असते, ती सहज फुटते. नाकातून रक्त बहुधा लहान वयापासून येतं. जठर आणि लहान आतड्यातला रक्तस्राव मात्र सहसा पन्नाशीच्या आसपास सुरू होतो, आणि तो डोळ्यांना दिसत नाही.

हिशोब करून पाहा. निरोगी रक्ताच्या १ मिलिलिटरमध्ये सुमारे अर्धा मिलिग्रॅम लोह असतं. रोज चमचाभर, म्हणजे ५ मिलिलिटर रक्त गेलं तर अडीच मिलिग्रॅम लोह गेलं. जेवणातून शरीर दिवसाला साधारण १ ते २ मिलिग्रॅमच शोषतं. पालक खाऊन ही तूट भरत नाही, आणि एवढ्याशा रक्ताने शौचाचा रंगही बदलत नाही.

तपासणीची साधनं आहेत. वरून गॅस्ट्रोस्कोपी आणि खालून कोलोनोस्कोपी केली तरी मधलं लहान आतडं बरंचसं राहून जातं. त्यासाठी गिळायची कॅमेऱ्याची कॅप्सूल आहे. इस्रायलचे गॅव्रिएल इद्दान आणि लंडनचे पॉल स्वेन यांनी सहकाऱ्यांसह ती २००० मध्ये ‘नेचर’मध्ये मांडली. अॅनिमिया पुन्हा पुन्हा होत असेल किंवा उपचारांना दाद देत नसेल तर लहान आतडं कॅप्सूलने पाहावं, असं ब्रिटिश सोसायटी ऑफ गॅस्ट्रोएन्टेरॉलॉजीच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात.

कुणी म्हणेल, इतक्या दुर्मीळ आजारासाठी लोकांना कशाला घाबरवायचं? बहुतेकांचं लोह आहारामुळे किंवा पाळीमुळेच कमी असतं, हे मान्य. प्रत्येकाला कॅप्सूल द्या असं मी म्हणतही नाही. पण प्रश्न विचारायला पैसे पडत नाहीत. एचएचटीच्या निदानाचे निकष चारच आहेत: आपोआप, वारंवार फुटणारा घोळणा, ओठ, जीभ, बोटं यांवर लाल ठिपके, आतडं, फुप्फुस, यकृत किंवा मेंदूत अशा सदोष वाहिन्या, आणि आईवडील, भावंडं किंवा मुलांपैकी कुणाला हाच आजार. तीन जुळले तर निदान पक्कं, दोन जुळले तर शक्यता. सावळ्या त्वचेवर ठिपके पटकन दिसत नाहीत, म्हणून ओठ आणि जीभ नीट बघावी.

निदान झालं तर फायदा फक्त लोहापुरता नसतो. एचएचटी असलेल्या सुमारे निम्म्या लोकांच्या फुप्फुसातही असे जोड असतात. त्यातून रक्ताची गुठळी किंवा जंतू मेंदूपर्यंत पोहोचू शकतात. गरोदरपणात धोका आणखी वाढतो. हे जोड आधी सापडले तर बंद करता येतात. आणि प्रत्येक मुलाला हा आजार मिळण्याची शक्यता ५० टक्के असते.

आपली अडचण वेगळीच आहे. जीपीच्या दहा मिनिटांत ‘घरात कुणाला काही?’ असं विचारलं की आपण मधुमेह आणि बीपी सांगून मोकळे होतो. आजीचा घोळणा आपल्या लेखी आजारच नसतो, आणि तो पाहिलेली माणसं भारतात असतात. म्हणून रविवारी मावशीला किंवा काकांना फोन कराल तेव्हा एवढं विचारा: घरात नाकातून रक्त कुणाकुणाच्या यायचं? कुणाला रक्त चढवावं लागलं होतं का? उत्तर कागदावर लिहा आणि पुढच्या वेळी जीपीसमोर ठेवा. ‘शाकाहारी’ ही आपली आवड आहे. गोळ्या घेऊनही लोह टिकत नसेल तर तिला निदान म्हणून स्वीकारू नका.