रजेच्या अर्जावर खरं कारण लिहा

डिसेंबर आला की आमच्या ऑफिसात पुढच्या वर्षाच्या सुट्ट्यांची यादी येते. लगेच सगळे कॅलेंडर उघडून बसतात. होळीला जोडून किती मिळतात, दिवाळीच्या मागेपुढे किती, कुठे एक रजा टाकली की चार दिवस मोकळे. मीही यादी वाचतो आणि एप्रिलपाशी थांबतो. जयपूरच्या या खासगी कंपनीत मला पाच वर्षं झाली. यादीत १४ एप्रिल एकदाही आलेला नाही.

पहिल्या वर्षी मी रजेच्या अर्जावर 'घरगुती काम' असं कारण लिहिलं. दुसऱ्या वर्षी 'तब्येत'. आईने फोनवर विचारलं, "साहेबाला काय सांगितलंस?" मी सांगितलं. ती म्हणाली, "बाबासाहेबांमुळं अर्ज लिहायला शिकलास, अन् त्यांचंच नाव लिहायची लाज वाटली व्हय रे?"

लाज नव्हती, भीती होती. घरातला मी पहिला पदवीधर. इथे माझं आडनाव ऐकून कुणाला काही कळत नाही. 'महाराष्ट्राचा' एवढीच माझी ओळख. १४ एप्रिलची रजा मागितली की झाकलेली ओळख उघडी पडते. मग डब्याच्या वेळी कोण कुठे बसतं, हे बदलतं का, ते बघत बसावं लागतं. तुमच्यापैकी अनेकांना हे सांगायची गरज नाही.

आता सुट्टीचा हिशेब बघा. राजस्थान सरकारच्या यादीत १४ एप्रिल आहे, आणि महात्मा फुले जयंतीचा ११ एप्रिलही आहे. फुल्यांच्या महाराष्ट्रात मात्र ११ एप्रिलला सार्वजनिक सुट्टी नाही! केंद्राच्या कार्यालयांचं वेगळंच. दिल्लीबाहेर १४ सुट्ट्या सक्तीच्या आणि आणखी तीन ठरलेल्या सणांतून निवडायच्या. त्या सणांत होळी, रामनवमी, जन्माष्टमी आहेत. आंबेडकर जयंती नाही. तिच्यासाठी वेगळा आदेश निघतो. २०२५ साली तो मार्चच्या अखेरीस निघाला. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. म्हणजे आदेश हातात पडेपर्यंत गावाकडच्या गाडीची वेटिंग लिस्ट लांबलेली असते. दिवाळीला जाणाऱ्याला तारीख वर्षभर आधी ठाऊक असते. जयंतीला जाणाऱ्याने वाट बघायची.

आणि ही रजा आली कुठून? मुंबईच्या गिरण्यांत कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली ती १८९० साली, सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी केलेल्या लढ्यामुळे. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना, १९४५ साली, कारखाना कायद्यात पगारी रजेची तरतूद आली. पुढच्याच वर्षी आठवड्याचे कामाचे तास ५४ वरून ४८ झाले. शनिवार-रविवारला एक पगारी रजा जोडून माथेरान किंवा माउंट अबूला जाणारा प्रत्येक जण या दोघांचं देणं लागतो. त्यांचे वारस मात्र रजा मागताना आजारी पडतात. हे आपणच थांबवायला हवं.

त्यासाठी मला तीन गोष्टी सुचतात.

पहिली, यादी ठरण्याआधी बोला. जानेवारीत तक्रार करून उपयोग नसतो. महाराष्ट्रात नोकरी करत असाल तर दुकाने व आस्थापना कायदा, २०१७ वाचा. तो लागू असलेल्या ठिकाणी वर्षाला आठ पगारी सुट्ट्या मिळतात. चार ठरलेल्या आहेत: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. उरलेल्या चार मालक आणि कामगारांनी मिळून ठरवायच्या असतात. तिथे १४ एप्रिल मागायला कुणाच्या मेहरबानीची गरज नाही. एकट्याने मागू नका, चौघांच्या सह्या घ्या.

दुसरी, कॅलेंडर आपणही उघडू या. २०२६ मध्ये ११ एप्रिल शनिवारी आणि १४ एप्रिल मंगळवारी येतो. शनिवार-रविवार मोकळे असणाऱ्याने सोमवार-मंगळवारच्या दोन रजा टाकल्या, तर फुले जयंतीपासून भीमजयंतीपर्यंत सलग चार दिवस गावात राहता येतं. १४ ची सुट्टी मिळत असेल तर एकच रजा पुरते. तिकीट मात्र फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यातच काढा.

तिसरी, अर्जावर खरं कारण लिहा. ज्यांची नोकरी नवी आहे, ज्यांच्या पगारावर घर चालतं, त्यांनी धोका बघूनच ठरवावं. त्यांना कुणी भित्रं म्हणू नये. पण ज्यांचे पाय जरा रोवले गेलेत, त्यांनी सुरुवात केली तर मागून येणाऱ्या पोराला 'तब्येत' लिहावं लागणार नाही.

गेल्या १४ एप्रिलला मी सकाळी सहा वाजता इथल्या आंबेडकर सर्कलवर गेलो, अभिवादन केलं आणि नऊच्या आत ऑफिसात पोचलो. याच शहरात, उच्च न्यायालयाच्या आवारात, १९८९ पासून मनूचा पुतळा उभा आहे. त्याला कधी कारण द्यावं लागलेलं नाही.

यंदाचा अर्ज मी लिहून ठेवलाय. कारणाच्या रकान्यात तीनच शब्द आहेत: डॉ. आंबेडकर जयंती.

जय भीम.