भिंत पुसणारी चित्रकार

१९९२ साली नलिनी मलानी यांनी मुंबईच्या गॅलरी केमोल्डमध्ये थेट भिंतींवर चित्रं काढली आणि प्रदर्शनानंतर ती पुसली गेली. कामाचं नाव ‘सिटी ऑफ डिझायर्स’. नाथद्वाऱ्याची जुनी भित्तिचित्रं डोळ्यांदेखत खराब होत होती आणि कुणालाच त्याचं सोयरसुतक नव्हतं. त्या अनास्थेचा हा निषेध होता. विकायला काही उरलंच नाही. गॅलरीच्या हिशेबाने हा शुद्ध आतबट्ट्याचा व्यवहार.

आज वारसा म्हटला की पहिला प्रश्न येतो, स्कॅन झालं का? पोथ्या, नकाशे, मूर्तींचे फोटो हार्ड डिस्कवर चढले, फीत कापली, की काम फत्ते. ते करू नये असं कोण म्हणेल? वाळवी निविदेची वाट पाहत नाही. पण संगणक म्हणजे नुसतं कोठार ही समजूत किती तोकडी आहे, ते मलानींचं काम पाहिलं की कळतं.

त्यांचा जन्म १९४६चा, कराचीतला. फाळणीने कुटुंब इकडे आलं. १९९८च्या अणुचाचण्यांनंतर मंटोच्या फाळणीवरच्या कथेचा धागा पकडून त्यांनी ‘रिमेम्बरिंग टोबा टेक सिंग’ उभं केलं. पत्र्याच्या बारा ट्रंका, प्रत्येकीत टीव्हीचा पडदा. समोरासमोरच्या भिंतींवरच्या व्हिडिओंत दोन बायका मिळून एक साडी घडी करू पाहतात, आणि मध्ये अख्खी खोली. मुंबईत हे दाखवलं गेलं ते प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये, म्हणजे मूर्ती पाहायला आलेल्या सहलीच्या पोरांनाही ते दिसलं असणार. व्हिडिओ कलादालनात कोंडला नाही, हे मला त्यातलं सर्वांत मोलाचं वाटतं.

काचेवर उलट्या बाजूने रंगवायची जुनी रीत त्यांनी पारदर्शक नळकांड्यांवर नेली. या रीतीत डोळ्याची बाहुली आधी, चेहरा नंतर. चुकलं तर झाकायची सोय नाही. नळकांडी फिरतात, त्यांतून प्रकाश जातो, भिंतीवर सावल्या धावतात आणि त्यांवर व्हिडिओ चढतो. सत्तरी ओलांडल्यावर बाईंनी आयपॅडवर बोटाने चित्रं काढून ती हलती केली. लंडनच्या नॅशनल गॅलरीने आपली अभिजात चित्रं त्यांच्या हाती सोपवली, तर त्यांनी त्यांतल्या बाजूला पडलेल्या माणसांना पुढे आणलं आणि वर स्वतःच्या रेघा ओढल्या. मूळ चित्रांना अर्थातच धक्का नाही.

आपल्या संग्रहालयांच्या कपाटांतही असे बाजूला पडलेले कितीतरी कोपरे आहेत. डिजिटायझेशनच्या पुढच्या निविदेत स्कॅनर, सर्व्हर आणि देखभाल यांच्या खाली एका चित्रकाराच्या मानधनाची ओळ घालावी, आणि त्याला संग्रहाशी भांडायची लेखी परवानगीही द्यावी.